व्होलराब मास्तरांची पायपेटी

मित्रांनो, मी पायपेटी. जुनी आहे हे वेगळं सांगत नाही. माझ्याजवळ उभं राहून एकदा श्वास घेतलात की तुमचं नाकच तुम्हाला ते सांगेल. अक्रोडाचं लाकूड, वाळलेलं चामडं आणि उंदरांच्या काही पिढ्या यांचा मिळून एक वास तयार होतो, त्यालाच आमच्यात वय म्हणतात. माझ्या पोटात भाता आहे. खाली दोन फळ्या आहेत, त्या पायांनी आळीपाळीने दाबायच्या. मग वारा पितळेच्या पातळ जिभांमधून जातो आणि सूर निघतात. एवढाच माझा संसार. जे मोठे नळ्यांचे ऑर्गन असतात, दोन-दोन मजले उंच, त्यांच्याबद्दल लोक 'गर्जतो' असं म्हणतात. माझ्याबद्दल 'चालतंय' असं म्हणतात.

माझी गोष्ट म्हणजे खरं तर एर्डमान व्होलराब मास्तरांची गोष्ट. पेटीला स्वतःचं आयुष्य असं नसतं. कुणी येऊन बसलं की तेवढ्यापुरती ती जगते. तो उठून गेला की ती फर्निचर होते.

माझा जन्म अमेरिकेत पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. सूर लावणाऱ्या कारागिराने माझी एकेक जीभ कानाशी धरून खरवडली आणि शेवटी तो "बरी आहे" असं म्हणाला. आयुष्यभरात वाट्याला आलेल्या कौतुकात हे बरंच वरचं म्हणायला हवं. मग मला खोक्यात घालून आगगाडीने, बोटीने आणि शेवटी बैलगाडीने लॉइबेनला पाठवलं.

लॉइबेन मिसुरी राज्यात होतं, पण ते गावाला मान्य नव्हतं. तिथली सगळी माणसं जर्मनीतल्या सॅक्सनीहून एकाच जहाजाने आलेली. येताना त्यांनी गावाचं नाव, चर्चची घंटा, कोबी आंबवायची पिंपं आणि आपसातली भांडणं असं सगळं व्यवस्थित बांधून आणलं होतं. व्होलराब मास्तर त्यांच्या मागून काही वर्षांनी आले. ते विणकराच्या घरात जन्मलेले. तिकडे एका शहरात मोठ्या ऑर्गनवर शिकलेले. तिथल्या वादकाची जागा कधीतरी आपल्याला मिळेल म्हणून त्यांनी खूप वाट पाहिली, पण त्या जागेवरचा गृहस्थ फारच ठणठणीत निघाला. तेवढ्यात लॉइबेनहून निरोप आला, की शाळेला मास्तर हवा आहे आणि त्याला ऑर्गन वाजवता आला पाहिजे. मास्तर निघाले. ऑर्गन वाजवता येणं आणि गावात ऑर्गन असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना समुद्र ओलांडल्यावर कळलं.

ऑर्गन घ्यायचा होता, नाही असं नाही. पण आधी छप्पर झालं, मग घंटेचा मनोरा झाला, मग शववाहिका ठेवायला पडवी झाली. शेवटी मंडळींनी मला मागवलं.

खोकं उघडलं तेव्हा मास्तर बराच वेळ माझ्याभोवती फिरले. माझ्या मागे वाकून पाहिलं. त्यांच्या बायकोने, रेनाटाबाईंनी विचारलं, "काय शोधताय?"

"उरलेला ऑर्गन," मास्तर म्हणाले.

मित्रांनो, मला वाईट वाटलं. पण मी काही बोलले नाही. वारा दिल्याशिवाय मला बोलता येत नाही, हा माझ्या स्वभावातला चांगला भाग आहे.

लॉइबेनमध्ये मास्तर म्हणजे फक्त शाळेत शिकवणारा माणूस नव्हे. पहाटेची घंटा मास्तरांनी वाजवायची, चर्चच्या घड्याळाला किल्ली मास्तरांनी द्यायची, बारसं, लग्न, मयत, सगळीकडे गाणं मास्तरांनी चालवायचं. हिवाळ्यात शेगडी पेटवायची तीही त्यांनीच. संध्याकाळी ते माझ्यासमोर बसायचे तेव्हा बोटांना खडू लागलेला असायचा. माझ्या काळ्या पट्ट्या दिवसेंदिवस पांढऱ्या होत चालल्या होत्या. पण बसायचे. थकलेला माणूस एरवी खाटेवर आडवा होतो, मास्तर माझ्यावर वाकून बसायचे, आणि त्या तासाभरात नवी गीतं रचायचे. चाल त्यांची, शब्दही त्यांचेच. बहुतेक गीतं एकदा म्हटली जायची आणि विसरली जायची. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

तक्रार एकाच गीताबद्दल होती, आणि ते गीत कुणीच विसरत नव्हतं.

ते असं झालं. शाळेच्या मागे फाइट बोर्नेमान यांचं धान्यघर होतं. बोर्नेमानबाबा म्हणजे गावातले मोठे शेतकरी आणि मंडळींच्या पंचांमधले पहिले. सुगी झाली की त्यांच्याकडे चार जण समोरासमोर उभे राहून जोडकाठ्यांनी गहू झोडायचे. जोडकाठी म्हणजे लांब काठीच्या टोकाला चामड्याने बांधलेली दुसरी आखूड काठी. ती गरगर फिरवून ओंब्यांवर आपटायची, चौघांनी एकामागून एक. ताल चुकला तर शेजाऱ्याचं डोकं फुटतं, म्हणून ताल सगळ्यांचा पक्का. शाळा सुटल्यावर मास्तर खिडकीशी उभे राहून ते ऐकायचे. एक दिवस ऐकता ऐकताच माझ्यापाशी आले आणि त्या काठ्यांच्या तालावर एक चाल वाजवली. मित्रांनो, अशी चाल माझ्यातून आधी कधी निघाली नव्हती. माझ्या फळ्या नाचल्या. मास्तरांचे गुडघे तेव्हा चांगले होते.

शब्द सुगीचे होते. 'बांधून झाल्या पेंढ्या साऱ्या, गाडी निघाली घराकडे' अशी सुरुवात. सुगीच्या सणाला हे म्हणायचं ठरलं. वेदीसमोर भोपळे, सफरचंदं, गव्हाच्या पेंढ्या रचल्या होत्या. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, जसं असतं तसं. मास्तरांनी सुरुवात केली.

आता आमच्याकडची गायची पद्धत सांगायला हवी. एक ओळ म्हणायची आणि शेवटचा सूर धरून ठेवायचा. तेवढ्यात वाजवणाऱ्याने एक छोटीशी नक्षी वाजवायची, वरखाली चारदोन सुरांची, म्हणजे मंडळींना दम खाता येतो. मग पुढची ओळ. जुन्या गावी असंच होतं, म्हणून इथेही असंच. बोर्नेमानबाबा पुरुषांच्या पहिल्या बाकावर बसायचे आणि त्यांचा आवाज खणखणीत होता. शेवटचा सूर त्यांनी धरला की मंडळींतला कुणीही त्यांच्या आधी सोडत नसे. आणि त्यांचा सूर चालू असेपर्यंत मास्तर नक्षी वाजवत राहायचे, कारण सूर चालू असताना नक्षी तोडणं म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडावर दार लावणं. बोर्नेमानबाबांची फुफ्फुसं ही अशा रीतीने गावच्या घड्याळाइतकी महत्त्वाची वस्तू होती.

'घराकडे' मधला 'डे' त्या दिवशी इतका लांबला, की गाडी घरी पोचून बैल सोडून झाले असते.

पहिल्या ओळीनंतर मास्तरांनी वेग धरायचा प्रयत्न केला. दुसऱ्या ओळीला तो सुटला. तिसऱ्या कडव्याला माझी नक्षीच गीतापेक्षा मोठी झाली होती. उपासना संपल्यावर चर्चचे पाळक हेरोल्ड डोळे पुसत आले.

"मास्तर, अंगावर काटा आला. बुधवारी म्हाताऱ्या उर्सुलाला पोचवायचंय. तिथे हेच घेऊ."

"पाळकसाहेब, ते सुगीचं गीत आहे."

"मरण ही देवाची सुगीच की. आणि गाडी घराकडे निघाली, हे तर तुम्ही फारच सुंदर लिहिलंत."

मास्तरांनी माझं झाकण लावलं. पाळकसाहेब विद्वान होते. त्यांना न दिसणारा अर्थ सांगणं सोपं असतं, पण दिसलेला अर्थ काढून घेणं फार कठीण.

म्हातारी उर्सुला त्या गीतावर गेली. मग दुसरं कुणी गेलं. मग शेजारच्या गावांनी चाल उतरवून नेली. मग मोठ्या छापील गीतसंग्रहात ती गेली, 'मृत्यू आणि अनंतकाळ' या विभागात, वर 'अतिशय सावकाश' अशी सूचना छापून. मास्तरांचं नाव झालं. कुठून कुठून लोक यायचे, त्यांचे हात हातात घ्यायचे. "तुमचं गीत आमच्या आईच्या वेळी म्हटलं. किती शांत वाटलं म्हणून सांगू." मास्तर म्हणायचे, "आभारी आहे." दुसरं काय म्हणणार? आई गेलेल्या माणसाला, ते नाचायचं होतं हो, असं सांगता येत नाही.

एकदा रेनाटाबाई वैतागून म्हणाल्या, "लोकांना ज्यावर मरावंसं वाटेल असं काही केलंत. हे काय थोडं झालं?"

"मला त्यांनी त्यावर जगावं असं वाटत होतं."

"ते कुणाला जमलंय? कॉफी घ्या, निवतेय."

मास्तरांना दुसरं काही नको होतं, मित्रांनो. ऑर्गनचा विषय त्यांनी केव्हाच सोडला होता. त्यांना एकदा, एकदाच, भरल्या चर्चमध्ये ते गीत त्याच्या स्वतःच्या वेगात म्हटलेलं ऐकायचं होतं. आपल्या मागे आपलं एवढंच उरणार, आणि तेही भलतंच, ही गोष्ट त्यांना आतून खात होती. मला ठाऊक आहे, कारण रिकाम्या चर्चमध्ये ते अधूनमधून खऱ्या वेगात ते वाजवायचे. बाहेर पावलं वाजली की थांबायचे, चोरी पकडल्यासारखे.

शेवटी त्यांनी मंडळींच्या सभेत विषय काढला. सभा चर्चमध्येच व्हायची, फक्त पुरुषांची, त्यामुळे मी हजर होते. मास्तर उभे राहून म्हणाले की हे गीत जरा जलद म्हणावं.

"जलद म्हणजे?" एकाने विचारलं.

"म्हणजे मध्ये इतकं न थांबता."

"घाई कशाची आहे, मास्तर?" बोर्नेमानबाबा शांतपणे म्हणाले. "गायी दोहून झाल्यात. स्वयंपाक बायका करतायत. देवाला कुठे जायचंय?"

सगळे हसले. मास्तरही हसले, म्हणजे तोंडाने. मग चर्चा झाली. कुणी म्हणालं, जलद गाणं त्या मेथडिस्ट पंथवाल्यांकडे असतं, आणि त्यांच्याकडे शेवटी काय होतं ते आपण पाहतोच. अखेरीस असा ठराव झाला की गीत योग्य त्या वेगाने म्हणावं, आणि योग्य वेग म्हणजे आजवर म्हणत आलो तो. ठराव एकमताने झाला. मास्तरांनीही हात वर केला. पुढल्या वर्षी त्यांनी पुन्हा विषय काढला, तेव्हा सगळ्यांनी आधीच्या ठरावाकडे बोट दाखवलं.

त्यानंतर वर्षं गेली. त्यांचं काय सांगायचं? माझ्या भात्याला चिरा पडल्या. एका हिवाळ्यात उंदरांनी चामडं कुरतडलं. मास्तरांनी जुन्या बुटाच्या कातड्याचं ठिगळ लावलं, तेव्हापासून मी ओल्या दिवसांत कण्हू लागले. त्यांचे गुडघेही कण्हू लागले. आम्ही दोघं मिळून वाजवत होतो तोवर लोकांना कुणाचा आवाज कुठला ते कळत नसे. किती लोकांना आम्ही पोचवलं. कधीकधी मयताच्या आदल्या दिवशी मास्तर माझं झाकण उघडायचे आणि न वाजवताच बंद करायचे.

मग बोर्नेमानबाबा आजारी पडले. आयुष्यभर धान्याची धूळ छातीत गेलेली. चार पावलं चालले तरी दम लागायचा. चर्चला येणं बंद झालं. पहिल्या बाकावर त्यांची जागा तशीच रिकामी ठेवली होती, आणि गंमत अशी की ओळीचा शेवटचा सूर लोक अजूनही तेवढाच धरत होते. सवय.

एका दुपारी त्यांची बायको सिबिलाकाकू शाळेत आल्या. हात पिठाचे होते, तशाच आल्या होत्या.

"मास्तर, ते म्हणतायत पेटी घेऊन या."

"घरी?"

"मयताला कुठली गीतं घ्यायची ते त्यांना आत्ताच ऐकायचंय. मेल्यावर ऐकू येतं की नाही, पाळकसाहेब नीट सांगत नाहीत म्हणे."

बोर्नेमानांच्या मुलांनी मला गवताच्या गाडीत चढवलं. रस्ता खाचखळग्यांचा, माझ्या एका सुराची जीभ तेव्हाच सैल झाली, ती आजतागायत सैल आहे. त्यांच्या घरात धुरावलेल्या सॉसेजचा वास भरून राहिला होता. बोर्नेमानबाबा उशांना टेकून बसले होते. एवढा मोठा माणूस, पण आता फक्त हाडांची चौकट मोठी राहिली होती.

"या मास्तर. काळजी करू नका, आज मरत नाही. आज फक्त तालीम."

मास्तर माझ्यासमोर बसले. दोन-तीन जुनी गीतं झाली. बाबांनी मान हलवून एक मंजूर केलं, एक नापास केलं. मग म्हणाले, "आता तुमचं."

मास्तरांनी नेहमीसारखं सुरू केलं, अतिशय सावकाश. बाबा म्हणू लागले. 'बांधून झाल्या'पर्यंत आले आणि दम संपला. खोकले. मास्तर थांबले आणि सवयीने नक्षी वाजवू लागले. बाबांनी पलंगाच्या फळीवर हात आपटला.

"थांबू नका. थांबलात की खोकला येतो. पुढे चला."

मास्तर पुढे गेले. बाबांना लांब सूर धरता येत नव्हते, म्हणून ते एकेक शब्द तोडून, आखूड म्हणत होते, आणि ओळ संपली की लगेच पुढची पकडत होते, दम आहे तोवर. त्यांना गाठायला मास्तरांना भरभर वाजवावं लागलं. अजून भरभर. आणि मित्रांनो, दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर माझ्या फळ्यांना ओळख पटली. हाच तो वेग. बाबांची बोटं पलंगाच्या फळीवर पडत होती, एकामागून एक, चार. ती बोटं थांबली.

"मास्तर, ही तर झोडणी."

"हो."

"चार काठ्यांची. आमच्या धान्यघरातली."

"हो."

"मग हे सांगायचं नाही का?"

"सांगितलं. सभेत. दोन वर्षं लागोपाठ."

"सांगितलंत हो. वाजवलं कधी नाहीत." बाबांनी श्वास घेतला. "ओळ संपली की तुमची ती नक्षी सुरू. वर जा, खाली या, पुन्हा वर जा. ती संपेपर्यंत सूर धरून ठेवायचा म्हणजे माझी छाती फाटायची. मी म्हणायचो, मास्तर शिकलेला माणूस आहे, त्याची हौस आहे, मध्ये सोडलं तर बरं दिसत नाही."

मास्तर माझ्याकडे पाठ करून त्यांच्याकडे वळले.

"मी तुमच्यासाठी वाजवत होतो," मास्तर म्हणाले. "तुम्ही सूर सोडेपर्यंत."

"माझ्यासाठी?"

"मला वाटायचं, तुम्हाला लांबवायला आवडतं."

बोर्नेमानबाबा त्यांच्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले आणि हसण्यातून खोकला सुरू झाला. सिबिलाकाकू स्वयंपाकघरातून पाणी घेऊन धावत आल्या. त्यांनी नवऱ्याची पाठ चोळली आणि मास्तरांकडे रागाने पाहिलं, जणू त्यांनीच काही खायला दिलं होतं.

"सिबिला, ऐकलंस का?" बाबा पाणी पिऊन म्हणाले. "इतकी वर्षं आम्ही दोघं दारात उभे होतो. आधी तुम्ही, आधी तुम्ही, म्हणत. आणि सगळं गाव आमच्या मागे थंडीत उभं."

"मला कळतं सगळं," काकू म्हणाल्या. "तिकडे रविवारचं मटण करपायचं माझं."

बाबांनी पुन्हा एकदा ते गीत म्हणवून घेतलं, खऱ्या वेगात, अर्ध्या आवाजात. मग थकून उशीवर पडले. मास्तर उठले तेव्हा डोळे न उघडता म्हणाले, "यंदाच्या सुगीला असं वाजवा. थांबू नका कुणासाठी. पण मास्तर, माझ्या मयताला मात्र जुनंच. लोक जेवायच्या घाईत आहेत असं दिसायला नको."

उन्हाळा संपता संपता ते गेले. शववाहिका तिच्या पडवीतून निघाली. घंटा मास्तरांनीच वाजवली, मग धापा टाकत माझ्यापाशी येऊन बसले. गीत सुरू झालं. अतिशय सावकाश. पहिली ओळ संपली, आणि मास्तरांनी नक्षी वाजवलीच नाही. हात पट्ट्यांवर तसेच ठेवले. मंडळींनीही सूर सोडून दिला. सगळं चर्च गप्प उभं राहिलं, बरोबर त्या एका माणसाचा श्वास जेवढा पुरायचा तेवढा वेळ. कुणी सांगितलेलं नव्हतं. मग सगळ्यांनी पुढची ओळ घेतली. शेवटपर्यंत असंच चाललं. ते गीत त्याहून हळू कधीच म्हटलं गेलं नव्हतं, आणि त्या दिवशी मास्तरांची त्याबद्दल तक्रार नव्हती.

मग सुगीचा सण आला. वेदीसमोर भोपळे आणि पेंढ्या. पुरुषांचं पहिलं बाक आता बोर्नेमानांच्या मोठ्या मुलाने भरलं होतं. त्याचा आवाज बेताचा होता. मास्तरांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. रेनाटाबाईंनी दिलेला साखरेचा केक खिशात तसाच होता, मला तो कोटातून टोचत होता.

पाळकसाहेबांनी गीत जाहीर केलं आणि चेहरा गंभीर केला. मास्तरांनी खऱ्या वेगात सुरुवात केली.

मित्रांनो, पहिलं कडवं म्हणजे निव्वळ अपघात होता. मंडळी शेवटचा सूर धरून उभी, आणि मी पुढच्या ओळीच्या मध्यावर. कुणी धावत आलं, कुणी जुन्याच ठिकाणी ताठ उभं राहिलं. पाळकसाहेब पुस्तकात बघत होते, जणू पानं उलटी लागली असावीत. कडव्याचा शेवट गावाने चार-पाच तुकड्यांत केला. एरवी मास्तर थांबले असते. थांबणं हे त्यांच्या हाडात होतं. मला त्यांच्या पायांत ते जाणवलं, फळीवरचा उजवा पाय क्षणभर अडखळला. पण थांबले नाहीत.

दुसऱ्या कडव्याला बायकांच्या बाजूने एक आवाज बरोबर आला. सिबिलाकाकू. काळ्या कपड्यांत, एक हात समोरच्या बाकाच्या पाठीवर, आणि हाताची बोटं एकामागून एक पडत होती. त्यांच्या शेजारणीने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या बोटांकडे, आणि ती मिसळली. मग तिच्या पलीकडची. शाळेतली पोरं तर वाटच बघत होती. बाबांच्या त्या तालमीनंतर मास्तरांनी शाळेत त्यांना हे असंच शिकवलं होतं, पण मोठ्यांच्या पुढे जायची हिंमत कुणाची नव्हती. सर्वांत शेवटी पुरुष आले. पण आले ते चांगलेच आले. ज्यांनी आयुष्यभर झोडणी केली त्यांना ताल सापडायला किती वेळ लागणार? तिसऱ्या कडव्याला बाकांखाली बूट वाजू लागले.

आणि इकडे मास्तर दमले. गुडघे संपले होते. माझ्या भात्यातून बुटाच्या कातड्याचं ते ठिगळ फडफडत होतं, वारा सुरांत कमी आणि फटींतून जास्त जात होता. आम्ही दोघांनी जोर लावला. चौथ्या कडव्याला मंडळी आमच्या अर्धा शब्द पुढे होती. पाचव्याला, जे शेवटचं होतं, एक पूर्ण ओळ. मास्तरांनी मान वळवून पाहिलं. कुणीही त्यांच्याकडे बघत नव्हतं. कुणीही थांबलं नाही.

मग त्यांनी पट्ट्यांवरून हात उचलले आणि मांडीवर ठेवले. पाय फळ्यांवर स्थिर केले. माझा शेवटचा वारा हळूहळू निघून गेला. आणि ते तसेच बसून राहिले, वाजवायचं काही काम नसलेल्या माणसासारखे, आणि ते गीत बाहेरून ऐकत राहिले, संपेपर्यंत.

घरी जाताना रेनाटाबाई त्यांचा हात धरून चालत होत्या. मी खिडकीतून ऐकलं.

"कसं वाटलं?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी खिशातला केक शेवटी बाहेर काढला.

"शेवटी जरा जास्तच घाई केली त्यांनी," ते म्हणाले.

पुढच्या वसंतात मास्तर गेले. त्यांच्या मयताला कुठल्या वेगात म्हणावं यावर सभा भरली आणि एकमत झालं नाही, त्यामुळे अर्ध्यांनी असं म्हटलं आणि अर्ध्यांनी तसं. त्यांच्या आयुष्याचं याहून नेमकं वर्णन मला करता येणार नाही. नंतर लॉइबेनला खरा नळ्यांचा ऑर्गन आला. तो गर्जतो. मला आधी शाळेत, मग माळ्यावर, मग गावच्या जुन्या वस्तूंच्या दालनात नेलं. आता माझ्यावर दोरी आहे आणि दोरीला पाटी आहे: कृपया हात लावू नये.

मित्रांनो, पाटी लिहिणाऱ्याचा हेतू चांगला आहे. पण त्याला माझ्या जातीची माहिती नाही. भात्यात वारा फिरला नाही तर चामडं वाळून तडकतं. जिभांवर हिरवं चढतं. मला वाजवून झीज होते तेवढी सोसते. न वाजवता जपलं तर मी लवकर मरते. तुमच्या घरीही अशी एखादी जुनी वस्तू असेल, किंवा एखादं जुनं माणूस. त्याला कोपऱ्यात नीट ठेवून आदराने गप्प बसू नका. त्याला काय हवंय ते विचारा, आणि विचारल्यावर तेच करा.

आणि इथे आलात, आसपास कुणी नसलं, तर दोरीखालून वाकून या. झाकण उघडा, फळ्यांवर पाय ठेवा आणि वाजवायला लागा. सुरुवातीला मी कण्हेन, एक सूर सैल वाजेल. त्यासाठी थांबू नका. मी येते मागून.